जॉन ब्राउन : गौरव, निषेध आणि हिंसेचा प्रश्न

२ डिसेंबर १८५९ रोजी सकाळी व्हर्जिनियातील चार्ल्स टाउन या गावी जॉन ब्राउनला फाशी देण्यात आले. राज्याविरुद्ध देशद्रोह, खून आणि गुलामांना बंडाची चिथावणी हे तिन्ही आरोप त्याच्यावर शाबीत झाले होते. फाशीच्या जागेभोवती सैन्याचा कडेकोट पहारा होता. लष्करी विद्यालयाचे विद्यार्थी घेऊन आलेला प्राध्यापक टॉमस जॅक्सन त्यात होता. पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती म्हणून त्याचे नाव झाले. रिचमंडच्या एका पलटणीचा गणवेश मिळवून आलेला जॉन विल्क्स बूथ नावाचा नटही तिथे उभा होता. सव्वापाच वर्षांनी अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली ती यानेच. त्याच दिवशी उत्तरेकडील अनेक गावांत चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत शोकसभा भरल्या होत्या.

ब्राउनबद्दलचा वाद त्या सकाळीच पूर्ण आकाराला आलेला होता आणि तो अजून मिटलेला नाही. हुतात्मा, संत, माथेफिरू, खुनी, दहशतवादी ही सगळी विशेषणे त्याला लागली आणि प्रत्येक विशेषणामागे काही ना काही पुरावा आहे. म्हणून त्याचे स्मरण करायचे म्हटले की एका माणसाच्या चरित्रापाशी थांबता येत नाही. गुलामगिरीसारखी व्यवस्था मोडण्यासाठी शस्त्र उचलावे का, उचलले तर ते कोणावर, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्याच्या नावाबरोबर येतातच.

या प्रश्नांची सुरुवात ब्राउनच्या हातातील तलवारीपासून करण्याची चूक पुष्कळांकडून होते. तलवार निघाली त्याच्या आधीची स्थिती शांततेची नव्हती. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९ लाख ५० हजार माणसे गुलाम होती. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पासून बंदी आली, तरी देशांतर्गत खरेदीविक्री जोरात चालू राहिली. कापसाच्या मळ्यांसाठी व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधून लाखो माणसे खोल दक्षिणेत विकली गेली. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या, अशा ताटातुटी हा त्या बाजाराचा रोजचा व्यवहार होता. दक्षिणेतील राज्यांत गुलामाला गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देता येत नसे, त्याचे लग्न कायद्याने ग्राह्य नसे आणि बहुतेक ठिकाणी त्याला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. चाबूक, बेडी आणि लिलाव यांच्या पाठीशी सरकार उभे होते. या हिंसेला कायद्याचा आधार असल्यामुळे तिला कोणी हिंसा म्हणत नसे, एवढाच काय तो फरक.

ही व्यवस्था मोडण्याचे सनदशीर मार्गही एकेक करून बुजवले गेले. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाने १८३६ ते १८४४ या काळात पाळला. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने पळून आलेल्या माणसाला पकडून परत देण्याची सक्ती उत्तरेतील नागरिकांवरही आली. १८५४ मध्ये कॅन्सस आणि नेब्रास्का या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतकऱ्यांच्या मतांवर सोडण्यात आले, म्हणजे जुन्या करारानुसार तिथे असलेली बंदी उठली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल दिला. पंचवीस वर्षे व्याख्याने, अर्ज आणि पत्रके यांवर भर देऊनही गुलामांची संख्या वाढत होती आणि गुलामगिरीला नवनवे प्रदेश खुले होत होते.

चळवळीतही हिंसेचा वाद ब्राउनच्या आधीपासून होता, आणि तो प्रथम कृष्णवर्णीयांनी उभा केला. हैतीतील गुलामांनी १७९१ मध्ये उठाव करून १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले, ही गोष्ट अमेरिकेतील मालक आणि गुलाम दोघेही विसरले नव्हते. बॉस्टनमधील डेव्हिड वॉकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय व्यापाऱ्याने १८२९ मध्ये काढलेल्या पत्रकात प्रतिकाराचा हक्क उघडपणे मांडला. ऑगस्ट १८३१ मध्ये नॅट टर्नरच्या बंडात व्हर्जिनियात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले, त्यांत बायका-मुलेही होती. त्याचा सूड म्हणून बंडाशी काडीचा संबंध नसलेले कितीतरी कृष्णवर्णीय ठार करण्यात आले. त्याच वर्षी विल्यम लॉइड गॅरिसनने बॉस्टनमधून ‘द लिबरेटर’ हे साप्ताहिक सुरू केले. गॅरिसन कडवा होता, तडजोडीचे त्याला वावडे होते, पण शस्त्र त्याने कटाक्षाने वर्ज्य मानले. मालकांच्या विवेकाला हाक घालायची, हा त्याचा मार्ग. १८४३ मध्ये बफलो येथील कृष्णवर्णीयांच्या परिषदेत हेन्री हायलंड गार्नेटने गुलामांना प्रतिकाराचे आवाहन केले. ते परिषदेचे म्हणून स्वीकारावे की नाही यावर मतदान झाले आणि अवघ्या एका मताने ते फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत गुलामगिरीतून पळून आलेला आणि त्या वेळी गॅरिसनच्या बाजूचा असलेला फ्रेडरिक डग्लस होता. गोऱ्यांच्या सभांमधून शांततेचा आग्रह धरणे आणि पाठीवर वळ घेऊन जगलेल्याने तो धरणे यांत फार अंतर आहे. डग्लसचे मत पुढच्या दहा-बारा वर्षांत बदलत गेले, ते अनुभवाने.

ब्राउनचा जन्म ९ मे १८०० रोजी कनेक्टिकटमधील टॉरिंग्टन येथे झाला. बाप ओवेन कातडी कमावण्याचा धंदा करी. कुटुंब लवकरच ओहायोत हडसन येथे गेले. घरात कडक प्युरिटन वळण आणि गुलामगिरीचा मनापासून तिटकारा. बारा वर्षांचा असताना आपल्याच वयाच्या एका गुलाम मुलाला मालक लोखंडी फावड्याने किंवा हाताला येईल त्या वस्तूने मारताना त्याने पाहिले आणि ते दृश्य कायमचे मनात राहिले, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले आहे. धंद्यात तो सारखा बुडाला. कातडी, जमीन, मेंढ्या, लोकर, सगळे करून पाहिले. १८४२ मध्ये दिवाळे वाजले. दोन लग्नांतून त्याला वीस मुले झाली, त्यांतील बरीच लहानपणीच गेली. १८३७ मध्ये इलिनॉयमधील आल्टन येथे एलायजा लव्हजॉय हा गुलामगिरीविरोधी संपादक आपला छापखाना वाचवताना जमावाकडून मारला गेला. त्याच्या शोकसभेत ब्राउनने उभे राहून आपले आयुष्य गुलामगिरीच्या नाशासाठी वाहण्याची शपथ घेतली.

त्याचे एक वेगळेपण शपथेपेक्षाही महत्त्वाचे आहे. कृष्णवर्णीयांना तो खरोखर बरोबरीने वागवी. गुलामगिरीचे कितीतरी विरोधक त्यांना आपल्या पंक्तीला घेत नसत. ब्राउनच्या घरी ते एकाच टेबलाशी जेवत आणि त्यांना नावापुढे मानाची उपाधी लावून हाक मारली जाई. १८४९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या डोंगराळ भागात नॉर्थ एल्बा येथे कुटुंबासह राहायला गेला, कारण गेरिट स्मिथ या धनिकाने तिथली जमीन कृष्णवर्णीय कुटुंबांना वाटली होती आणि त्यांना शेतीत मदत हवी होती. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनशी १८५८ मध्ये भेट झाली तेव्हा त्याने तिला ‘जनरल’ म्हटले, आणि त्यात थट्टा नव्हती.

कॅन्ससमध्ये या माणसाने जे केले ते मात्र कितीही संदर्भ दिला तरी डोळ्यांआड करता येत नाही. गुलामगिरीवादी टोळ्या मिसुरीतून येऊन मतपेट्या भरत, वस्त्या जाळत. २१ मे १८५६ रोजी त्यांनी लॉरेन्स हे गाव लुटले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये सेनेटर चार्ल्स समनरला दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने सेनेटच्या सभागृहातच काठीने बेशुद्ध होईस्तोवर मारले. २४ मेच्या रात्री ब्राउन, त्याचे चार मुलगे आणि आणखी तिघे पॉटावाटोमी ओढ्याकाठच्या वस्तीत शिरले. त्यांनी जेम्स डॉइल आणि त्याची दोन मुले विल्यम व ड्ररी, ॲलन विल्किन्सन आणि विल्यम शर्मन यांना घराबाहेर काढले आणि रुंद पात्याच्या तलवारींनी तोडले. पाचही जण गुलामगिरीच्या बाजूचे होते, पण एकाकडेही गुलाम नव्हता. डॉइलची बायको महाला हिने गयावया केली म्हणून तिचा सोळा वर्षांचा मुलगा जॉन वाचला. या रात्रीबद्दल ब्राउनचे कैवारी बराच काळ गप्प राहिले किंवा त्याचा हात तीत नव्हता असे म्हणत राहिले. निःशस्त्र माणसांना मध्यरात्री बिछान्यातून उठवून मारणे याला खून हाच शब्द आहे. त्यामुळे गुलामगिरीवाद्यांवर वचक बसला असे म्हणणारे आहेत. पण त्यानंतर कॅन्ससमधील रक्तपात वाढला, आणि ऑगस्टमध्ये ओसावाटोमी येथे ब्राउनचा मुलगा फ्रेडरिक त्यात मारला गेला.

डिसेंबर १८५८ मधील मोहीम वेगळी होती. ब्राउनने मिसुरीत घुसून अकरा गुलामांना सोडवले आणि ऐन हिवाळ्यात सुमारे हजार मैलांची वाट तुडवत त्यांना कॅनडाच्या हद्दीत पोहोचवले. वाटेत एका बाईला मूल झाले, तेव्हा पोहोचणारे बारा झाले. पण याही मोहिमेत एक मालक मारला गेला.

यापुढचा बेत व्हर्जिनियाचा होता. पोटोमॅक आणि शेनान्डोह नद्यांच्या संगमावरील हार्पर्स फेरी येथे केंद्र सरकारचे शस्त्रागार होते. ते ताब्यात घ्यायचे, आसपासच्या गुलामांना सामील करून घ्यायचे आणि डोंगररांगांच्या आश्रयाने दक्षिणेकडे सरकत मळ्यांची व्यवस्थाच खिळखिळी करायची, अशी ती योजना. पैसा उत्तरेतील सहा प्रतिष्ठितांनी गुपचूप पुरवला. त्यांत पाद्री, डॉक्टर, शिक्षक आणि धनिक होते. गुलामांच्या हाती देण्यासाठी कनेक्टिकटमध्ये सुमारे ९५० भाले करवून घेतले होते. ऑगस्ट १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील चेंबर्सबर्गजवळच्या एका दगडाच्या खाणीत ब्राउनने डग्लसला आपल्याबरोबर येण्याची गळ घातली. हा पोलादी सापळा आहे, आत गेलात की बाहेर पडणे नाही, असे डग्लसने बजावले आणि नकार दिला. त्याच्याबरोबर आलेला शील्ड्स ग्रीन हा पळून सुटलेला गुलाम मात्र ब्राउनच्या मागे गेला.

१६ ऑक्टोबरच्या रात्री ब्राउन अठरा साथीदारांसह गावात शिरला. तिघे मागे शेतघरावर राखणीला होते. बाविसांच्या या तुकडीत पाच कृष्णवर्णीय होते : डेंजरफील्ड न्यूबी, लुईस शेरिडन लीरी, शील्ड्स ग्रीन, जॉन कोपलँड आणि ऑस्बोर्न अँडरसन. शस्त्रागार सहज हाती आले. पुढचे सगळे फसले. पहिला बळी पडला तो हेवर्ड शेफर्ड, रेल्वेत सामान हाताळणारा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. अडवलेली आगगाडी ब्राउनने सकाळी सोडून दिली आणि तिच्याबरोबर बातमी सर्वदूर गेली. डोंगरात निघून जाण्याची वेळ असताना तो ओलीस धरलेल्यांसह आगीच्या बंबांच्या इमारतीत अडकून बसला. १८ तारखेला सकाळी कर्नल रॉबर्ट ई. ली याच्या हुकमतीखालील मरीन सैनिकांनी दार फोडले. ब्राउनचे दहा साथीदार ठार झाले, त्यांत त्याचे दोन मुलगे. सात जणांना फाशी झाली, पाच निसटले. दुसऱ्या बाजूला चार नागरिक आणि एक सैनिक मेला. गुलामांचा उठाव झाला नाही. न सांगता, न तयारी करता एका रात्रीत गुलाम धावून येतील ही अपेक्षाच चुकीची होती. फसलेल्या बंडाची किंमत कोण चुकवतो हे नॅट टर्नरनंतर त्यांना पक्के ठाऊक होते.

लढाईत हरलेला ब्राउन न्यायालयात जिंकला, असे म्हणायला हरकत नाही. जखमी अवस्थेत खाटेवर पडून त्याने खटला ऐकला. वकिलांनी वेडाचा बचाव सुचवला तो त्याने धुडकावला. शिक्षा होताना केलेल्या छोट्या भाषणात त्याने म्हटले की हेच आपण श्रीमंत आणि बलिष्ठ लोकांसाठी केले असते तर याच न्यायालयाने बक्षीस दिले असते. फाशीच्या सकाळी त्याने एक चिठ्ठी मागे ठेवली. या देशाचे पाप रक्ताशिवाय धुतले जाणार नाही, असा तिचा आशय. थोरोने कॉनकॉर्डमध्ये त्याच्या समर्थनार्थ व्याख्यान दिले, व्हिक्टर ह्यूगोने हद्दपारीतून दयेची याचना केली. आयुष्यभर शस्त्र नाकारणाऱ्या गॅरिसनने फाशीच्या दिवशीच्या सभेत प्रत्येक गुलामबंडाला यश चिंतले. लिंकनने मात्र फेब्रुवारी १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमधील भाषणात आपल्या पक्षाचा या प्रकाराशी संबंध नाही असे स्पष्ट केले. दक्षिणेत एडमंड रफिन या फुटीरवाद्याने ब्राउनचे भाले मिळवून राज्यपालांना नमुन्यादाखल पाठवले : उत्तरेने तुमच्यासाठी काय तयार केले आहे ते पाहा. पुढच्या दीड वर्षात युद्ध पेटले. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय केंद्राच्या सैन्यात लढले. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. हे सारे ब्राउनमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती आहे. पण गुलामगिरी रक्ताशिवाय जाणार नाही, हे त्याचे भाकीत खरे ठरले.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी एक जुना धागा आहे. ज्योतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, ते त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागबुद्धीबद्दल. आपल्या देशबांधवांनी हे उदाहरण समोर ठेवावे ही त्यांची इच्छा होती. त्या त्यागाची वाट किती वादांतून आणि रक्तातून गेली हे जाणल्याशिवाय त्या अर्पणपत्रिकेचे वजन पूर्ण कळत नाही.

ब्राउनच्या स्मारकांचा इतिहासही या वादाचाच भाग आहे. ३० मे १८८१ रोजी डग्लसने हार्पर्स फेरी येथील स्टोरर कॉलेजात, मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या त्या संस्थेत, ब्राउनवर व्याख्यान दिले. गुलामगिरी संपवणारे युद्ध ब्राउनने सुरू केले, असे त्याने ठासून सांगितले, आणि ब्राउनला फासावर चढवणारा सरकारी वकील अँड्र्यू हंटर त्या वेळी व्यासपीठावर बसलेला होता. ऑगस्ट १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नायगारा चळवळीचे लोक त्याच गावी जमले आणि बंबांच्या त्या इमारतीकडे अनवाणी चालत गेले. त्या चळवळीतील डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०९ मध्ये ब्राउनचे चरित्र लिहिले. कृष्णवर्णीय समाजाने ही स्मृती अशी जपली. गोऱ्या समाजात त्याच सुमारास दक्षिणेच्या पराभवाला उदात्त ठरवणारा इतिहास रूढ होत होता आणि त्यात ब्राउन वेडा ठरला. परक्यांच्या मुलांसाठी मरायला तयार झालेला गोरा माणूस वेडाच असला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. खटल्यातील त्याची उत्तरे आणि तुरुंगातील पत्रे वाचणाऱ्याला ते पटत नाही.

१९३१ मध्ये दक्षिणेच्या सैनिकांच्या वारसांच्या दोन संघटनांनी हार्पर्स फेरीत हेवर्ड शेफर्डच्या नावाने शिळा उभारली. बिचाऱ्या शेफर्डला त्यांनी बंडात सामील न झालेल्या ‘निष्ठावान’ कृष्णवर्णीयांचे प्रतीक केले. तो गुलाम नव्हता आणि निष्ठा दाखवण्याची संधीही त्याला मिळाली नव्हती; तो अंधारात गोळी लागून मेला. त्याला उत्तर म्हणून पुढच्या वर्षी ड्यू बॉइस यांनी लिहिलेला ब्राउनचा फलक आणला गेला, तेव्हा कॉलेजने तो लावू दिला नाही. तो तिथे लागला २००६ मध्ये. कॅन्ससच्या विधानभवनातील जॉन स्ट्यूअर्ट करीच्या भित्तिचित्रात ब्राउन एका हातात बायबल, दुसऱ्यात बंदूक घेऊन उभा आहे. तेही अनेक आमदारांना रुचले नव्हते. अलीकडच्या काळात गर्भपाताला विरोध म्हणून डॉक्टरांचे खून करणाऱ्यांनीही ब्राउनचे नाव घेतले आहे. आपल्या मनाचा कौल हाच देवाचा हुकूम, असे मानणाऱ्या कोणालाही हे नाव वापरता येते, हा त्याच्या गौरवातला खरा धोका आहे. मात्र लाखो माणसांना मालमत्ता मानणारी व्यवस्था समोर होती आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सर्व दारे बंद होती, हे दोन्ही वगळून ब्राउनला इतरांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे आहे.

या विषयात शिरणाऱ्या वाचकाने दोन बायकांची पत्रे जवळ ठेवावीत. एक महाला डॉइलचे, नोव्हेंबर १८५९ मध्ये ब्राउनला तुरुंगात पाठवलेले. नवरा आणि दोन मुले गमावलेल्या त्या बाईने लिहिले आहे की वाचलेला जॉन आता मोठा झाला आहे आणि जवळ पैसे असते तर तुमच्या गळ्यात दोर नीट बसवायला तो जरूर आला असता. दुसरी पत्रे डेंजरफील्ड न्यूबीच्या बायकोची. हॅरिएट आणि तिची मुले व्हर्जिनियात गुलाम होती. न्यूबी स्वतंत्र होता आणि त्यांना विकत घेऊन सोडवण्यासाठी पैसे साठवत होता. मालकाला पैशांची गरज आहे, तो मला विकून टाकेल, लवकर ये, असे ती त्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा लिहीत होती. न्यूबी हार्पर्स फेरीत मारला गेला. ब्राउनच्या तुकडीत पडलेला तो पहिला. ब्राउनबद्दलचे कोणतेही मत या दोन्ही पत्रांसमोर टिकले पाहिजे. हल्ल्यानंतर हॅरिएटला लुइझियानात विकण्यात आले.